हुरदळे सरांची झोळी

"हरवला नव्हता, मॅडम. सापडला होता."

हुरदळे सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. लातूरच्या आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. वेल्डिंगच्या हुरदळे सरांचा एकुलता एक मुलगा जहाजावर होता, तो समुद्रात हरवला, असं कुणीतरी मला हळूच सांगितलं होतं. ओळख झाल्यावर काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मुलाचं कळलं, सर. समुद्रात माणूस असा हरवणं म्हणजे..." त्यांनी हातातला तारेचा ब्रश खाली ठेवला आणि मला दुरुस्त केलं. मग म्हणाले, "सापडला होता. उचलता आला न्हाई." आणि ब्रश उचलून पुन्हा समोरचा जोड घासायला लागले.

पुढची नऊ-दहा वर्षं मी या माणसाला त्या दुसऱ्या वाक्यावर काम करताना पाहिलं.

मन्मथ हुरदळे हे चाकूरजवळच्या एका खेड्यातले. बुटके, खांद्यांनी रुंद. वेल्डिंगच्या उजेडानं गालांची कातडी काळवंडलेली. चालताना उजवा खांदा जरा खाली, जणू त्यावर कुणी पोतं ठेवलंय आणि उतरवून घ्यायला विसरलंय. स्टाफरूममध्ये ते कधी बसायचे नाहीत. वर्कशॉपच्या दाराशी एक लाकडी खोकं होतं, त्यावर बसून डबा खायचे. पोरांना शिकवताना ओरडणं नाही, की व्याख्यान नाही. पोरगं जोड करून आणायचं, सर त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." सातव्यांदा आणला तरी त्याच आवाजात, "पुन्हा." आणि जमला असेल तर नुसतं, "हं." आयटीआय सोडून पुण्याच्या कारखान्यांत गेलेली पोरं सुट्टीत भेटायला यायची तेव्हा एकमेकांना विचारायची, "तुला किती 'हं' मिळाले होते रे?"

त्यांची आणखी एक सवय होती, तिचा मला पहिल्याच दिवशी राग आला होता. ते समोरच्याला वजन विचारायचे. शिपायाला विचारायचे, प्राचार्यांना विचारायचे. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी विचारलं होतं. मला म्हणाले, "मॅडम, वजन?" मी चिडून म्हटलं, "कशाला?" तर म्हणाले, "पन्नासचा माणूस कसा उचलायचा, नव्वदचा कसा उचलायचा, ह्याच्यात लई फरक हाय. भिजल्यावर तर आनखी."

मग मी अठ्ठावन्न सांगितलं. त्यांनी ते खडूनं लोखंडी पत्र्यावर लिहून ठेवलं.

मुलाचं नाव शिवराज. बापाच्याच हाताखाली वेल्डिंग शिकला, आणि फिटर म्हणून मालवाहू जहाजावर लागला. काय झालं ते मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं, काही सरांकडून, काही त्यांच्या घरी. शिवराजबरोबर रत्नागिरीकडचा सुर्वे नावाचा एक खलाशी होता. तो शिवराजची बॅग घेऊन लातूरला आला होता, घर शोधत शोधत. ओसरीवर बसला आणि सांगायला लागला. कठड्याचं काम चाललं होतं, जहाज हललं, शिवराज पडला. लगेच कळलं. जहाज वळवून आणलं. अंगात जॅकेट होतं, तो तरंगत होता, हात हलवत होता. जहाज त्याच्या इतकं जवळ नेलं की वरून हाक मारली तर ओ देत होता. दोराची शिडी सोडली, पण त्याची बोटं आखडली होती, त्याला पायरी धरवेना. मग दोराचा फास सोडला. तो त्यानं कसाबसा काखेत घेतला. वर चौघं ओढत होते. अर्ध्यापर्यंत आला, आणि त्यानं कठडा धरायला म्हणून दोन्ही हात वर केले.

"हात वर केले आणि फासातून निसटला, काका," सुर्वे म्हणाला. "जॅकेट फासाबरोबर वर आलं, तो वर आलाच नाही."

घरात रडारड सुरू झाली. सर रडले नाहीत. त्यांनी सुर्वेला विचारलं, "पान्यापासून कठडा किती?"

"असेल सतरा-अठरा फूट."

"दोर किती जाड? ओढनाऱ्याला पाय रोवायला जागा होती का? त्याच्या पायात बूट होते का?"

सुर्वे उत्तरं देत गेला. सुमनअक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "पोरगं गेलंय, आन् हे तोंडी परीक्षा घेतल्यासारखं इचारायलेत. मला वाटलं, हे खुळे झाले."

त्यानंतरच्या सोमवारी सरांनी वर्कशॉपच्या लोखंडी खांबावर अठरा फुटांवर एक पिवळा पट्टा ओढला. मी रुजू झाले तेव्हा तो पट्टा तिथं होता आणि त्याच्याखाली, जमिनीवर, ओल्या वाळूनं भरलेली पोती माणसासारखी बांधून ठेवलेली होती.

पहिली दोन वर्षं पिंजऱ्यात गेली. लोखंडी सळ्यांचा, खाली सोडायचा, माणूस आत घ्यायचा आणि वर ओढायचा, असा पिंजरा. वर्कशॉपमध्ये तो छान चालायचा. मग सरांनी तो चाकूरला त्यांच्या शेतातल्या विहिरीवर नेला, कारण लातुरात चाचणी घ्यायला पाणीच नव्हतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि आमच्यातला एक जण त्यावर नेहमी म्हणायचा, "प्यायला पाणी न्हाई आन् हुरदळे समुद्रातून मानसं काढायलेत." सर ऐकायचे. चिडायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "पानी नसलेल्या गावचाच गेला ना पान्यात."

विहिरीवर पिंजरा हेलकावे खायचा आणि कडेच्या दगडांवर आपटायचा. आतलं पोतं फाटून वाळू गळायची. सर ती गळणारी वाळू बघत उभे राहायचे. मी एका रविवारी गेले होते. पाचव्यांदा पोतं फाटलं तेव्हा ते विहिरीच्या काठावर बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझी चूक काय व्हायली, सांगू? मी त्याला आत ये म्हनायलो. त्याच्यात तेवढी शुद्ध कुठं हाय? पडलेल्याकडं काईच मागायचं न्हाई. हात बी दे म्हनायचं न्हाई."

उत्तर त्यांना सापडलं ते आडत बाजारात. आम्ही वर्कशॉपसाठी सामान घ्यायला गेलो होतो. एका ट्रकमध्ये तेलाची भरलेली पिंपं चढवणं चाललं होतं. दोन हमाल होते, फळ्यांचा उतार होता आणि दोन दोर. दोरांची एकेक टोकं ट्रकच्या फाळक्याला बांधलेली, दोर पिंपाखालून घेतलेले, उरलेली टोकं हमालांच्या हातात. ते दोर ओढत होते आणि पिंप स्वतःभोवती गोल फिरत, आडवंच्या आडवं वर चढत होतं. सर रस्त्यात थांबले. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, त्यांना ऐकूच येईना.

रशीदभाई म्हणून म्हातारा हमाल होता. सरांनी त्याला विचारलं, "एवढं वजन दोघांला कसं झेपतं?"

"उठानाच नै साब," रशीदभाई म्हणाला. "लुढकाना. आधा वजन तो रस्सीच उठा लेती."

सरांनी त्याला ते चार वेळा करून दाखवायला लावलं. चौथ्या वेळी स्वतः दोर धरला. रिक्षातून परत येताना ते दोन्ही तळहात एकमेकांवर फिरवत होते, पोळीचा उंडा फिरवावा तसे.

मग झोळी झाली. ट्रकवर माल बांधायच्या पट्ट्यांची एक लांबरुंद जाळी. तिची एक कड कठड्याला बांधायची, बाकीची खाली पाण्यात सोडायची. पडलेला माणूस जाळीच्या कुशीत ढकलला जाईल असं जहाज किंवा होडी न्यायची, आणि जाळीची दुसरी कड वरून ओढायची. माणूस आडवा, गुंडाळल्यासारखा, जहाजाच्या अंगाला टेकून फिरत फिरत वर येतो. त्यानं काही धरायचं नाही, हात वर करायचा नाही. शुद्धीत नसला तरी चालेल. जाळी पाण्यात पसरलेली राहावी म्हणून पट्ट्यांच्या मध्ये ठिबकच्या नळीचे तुकडे ओवले होते. आडवं उचलण्याचं आणखी एक कारण त्यांना नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाला उभं ओढून काढलं तर वर आल्यावरही तो दगावू शकतो. हे कळल्यावर सर जाळीचा एक पट्टा बोटांभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्हनजे फास निसटला नसता तरी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

नकाशे मी काढले. इतकी साधी वस्तू, पण त्यांनी माझ्याकडून नऊ वेळा काढून घेतली. मलाही "पुन्हा" मिळायचं. शेवटच्या नकाशात नाव लिहायच्या चौकटीत मी विचारलं, "शिवराजचं नाव देऊ या का हिला?"

"नको," ते म्हणाले. "त्याला कुठं उचललं हिनं? झोळी लिवा."

पट्टे शिवायचं काम सुमनअक्कांनी केलं. घरच्या मशीनच्या सुया मोडल्या, तेव्हा दाभण घेऊन हातानं शिवलं. मी एकदा नकाशा द्यायला घरी गेले तेव्हा त्या ओसरीवर जाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हटलं, "अक्का, किती त्रास घेताय."

त्यांनी दाभण खाली ठेवलं. आत सर हातपाय धूत होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या बोलल्या.

"शिवायचा तरास न्हाई ओ. शिवते मी. पर ह्या घरात सकाळपासून झोपेपर्यंत 'पडलेला मानूस, पडलेला मानूस' चालू ऱ्हातंय. त्याला नाव हुतं ना? मी ठिवलेलं नाव हाय ते. चार वर्सं झाली, ह्यांच्या तोंडून मी ऐकलं न्हाई. मला बोलायचं आस्तंय त्याच्याबद्दल. कुनासंगं बोलू? ह्या जाळीसंगं?"

सर टॉवेल खांद्यावर घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खाली बसले, अक्कांच्या पायाशी पडलेलं जाळीचं टोक हातात घेऊन शिवण तपासायला लागले. अक्कांनी उसासा टाकून दाभण उचललं. त्या दिवशी मी चहा न घेता निघाले.

विहीर महाशिवरात्रीच्या आधीच तळाला जायची, म्हणून खरी चाचणी नांदेडला गोदावरीवर झाली. सरांची बहीण तिथं दिलेली होती. तिच्या ओळखीनं एक मोठी होडी मिळाली. थंडीचे दिवस होते, सकाळचे आठ वाजले असतील, पाण्यावर धुकं होतं. होडीच्या कडेला सरांनी फळ्यांची भिंत उभी केली होती, जहाजाचं अंग म्हणून. सुर्वेही आला होता, रत्नागिरीहून दोन गाड्या बदलून. त्यानं जहाजाची नोकरी सोडली होती आणि मामाच्या मच्छीमारी लाँचवर काम करत होता. वाळूच्या पोत्यावर तीन चाचण्या झाल्या. तिन्ही नीट झाल्या. आम्हाला वाटलं, संपलं. सर शर्ट काढायला लागले.

"काय करलालाव?" सुमनअक्का घाटाच्या पायरीवरून ओरडल्या.

"पोत्याला काई होत न्हाई," सर म्हणाले. "मानसाला काय होतंय ते बघावं लागंल."

कुणी अडवलं तरी उपयोग नव्हता. अंगात जॅकेट घालून ते पाण्यात उतरले आणि सांगितलं, अर्धा तास मला हात लावायचा नाही. अंग गारठू द्यायचं होतं त्यांना. अक्का पायरीवर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सरांचे ओठ काळे पडत गेले. शेवटी सुर्वेनं मला न विचारता, कुणालाच न विचारता, हाताची खूण केली आणि होडी त्यांच्या कडेला नेली. झोळी त्यांच्या खाली गेली. सुर्वे आणि एक नावाडी, दोघांनीच ओढलं. सर फिरले, तोंड फळीकडं, मग आभाळाकडं, पुन्हा फळीकडं, आणि तिसऱ्या वेढ्याला कठड्यावरून आत येऊन होडीच्या तळाशी पडले. किती वेळ लागला असेल? मी मोजायला घड्याळ हातात धरलं होतं आणि बघायलाच विसरले.

ते उठेनात. सुर्वे घाबरून खाली वाकला. "काका? काका, उठा."

"थांब," सर डोळे मिटूनच म्हणाले. "पडू दे जरा."

सुर्वे त्यांच्याजवळ फळीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी दोष दिला नव्हता. पण दोर ओढणाऱ्या चौघांत तो होता.

त्यानंतर आम्ही मुंबईला गेलो, जहाजांशी संबंध असलेल्या एका कार्यालयात. इंग्रजीसाठी मी बरोबर होते. साहेब तरुण होते आणि अगदी सौजन्यानं वागले. नकाशे पाहिले, चाचणीचे फोटो पाहिले. म्हणाले, "काम उत्तम आहे. पण हुरदळेसाहेब, अशी साधनं परदेशात बनतात. बरीच वर्षं आहेत."

मी पेनाला टोपण लावलं. सर मात्र खुर्चीत पुढं सरकले. "हायत? मंग आमच्या पोराच्या जहाजावर का नव्हतं?"

साहेब थोडे अडखळले. "नियम असा आहे की पडलेल्या माणसाला पाण्यातून वर कसं घ्यायचं, याची लेखी योजना प्रत्येक जहाजावर पाहिजे. साधन हेच पाहिजे असं नाही. जहाजावर जे असेल त्यातून करायचं. त्या जहाजावर योजना असणारच."

"म्हनजे कागद हुता," सर म्हणाले.

सरांनी नकाशे गोळा केले, एकावर एक नीट लावले, नमस्कार केला. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून राहिले. सोलापूर मागं पडल्यावर मी धीर करून म्हटलं, "सर, आधी कळलं असतं तर एवढी वर्षं..." ते म्हणाले, "बरं झालं कळलं न्हाई. एवढी वर्सं काय केलं असतं मी?"

मग त्यांनी मोठ्या जहाजांचा नाद सोडला. सुर्वे दोन झोळ्या घेऊन गेला, मामाच्या लाँचसाठी एक आणि शेजारच्या लाँचसाठी एक. सर आणखी करत राहिले, पण हात संथ झाला होता. पोरांचे जोड बघताना कधी कधी अंगठा जोडावर तसाच राहायचा आणि पोरगं वाट बघत उभं राहायचं. दोन वर्षं समुद्रावरून काहीच कळलं नाही. कळावं अशी इच्छा तरी कशी धरणार? कळणं म्हणजे कुणी तरी पडणं.

सरांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना, एका दुपारी, सुर्वेचा फोन आला. सर खोक्यावर बसून डबा खात होते. ऐकायला कमी येत असल्यानं ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचे, म्हणून मलाही ऐकू आलं. शेजारच्या लाँचवरचा तांडेल, लाँच चालवणारा जाडजूड माणूस, पहाटे जाळं ओढताना पडला होता. वाऱ्यात तासाभरानं सापडला. हातपाय बधिर झालेले, शुद्ध अर्धी. लाँचवर तिघंच होते.

"आला वर, काका," सुर्वे सांगत होता. "आडवा आला. आत्ता दवाखान्यात आहे."

"बोलतो का?" सरांनी विचारलं.

"बोलतो म्हणजे? शिव्या देतोय सगळ्यांना."

सरांनी फोन खिशात ठेवला. डब्यात अर्धी भाकरी उरली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली, डबा धुतला. मग भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, प्राचार्यांला सांगा, मी घरी जायलो." मी रुजू झाल्यापासून त्यांनी घेतलेली ती पहिली अर्धी रजा.

घरी काय झालं ते अक्कांनी सांगितलं. ते आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "शिवराजचे डोळे आठवतेत का तुला?" शिवराज शाळेत असताना चोरून वेल्डिंग बघत बसला होता आणि रात्रभर त्याच्या डोळ्यांची आग झाली होती. अक्कांनी बटाट्याच्या चकत्या बांधल्या होत्या. बापानं रागावून, मग रडून, त्याला मांडीवर घेतलं होतं. "तिथून सुरू झाले," अक्का म्हणाल्या, "ते दिवा लावायच्या येळेपर्यंत. त्याचं खानं, त्याचं रुसनं, त्याचं ते जहाजावर जायाच्या दिवशीचं नवं शर्ट. सगळं. मी कामच केलं न्हाई काई. नुसती ऐकत बसले."

निवृत्त झाल्यावर दोघं चाकूरकडं गावी राहायला गेले. वर्कशॉप त्यांच्या जागी आलेल्या नव्या सरांनी रंगवून घेतलं. झोळ्यांचं पुढं सुर्वेच बघतो, त्याच्या गावात आता ताडपत्री शिवणारे लोक त्या करतात. सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले असं कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरच्या बसस्थानकावर. भर दुपार, वैशाखातलं ऊन. चाकूरची गाडी फलाटाला लागलेली होती आणि खिडकीशी हुरदळे सर बसलेले दिसले. मी हाक मारणार, तेवढ्यात पलीकडून अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. सर गाढ झोपले होते. तोंड थोडं उघडं, मान मागं टाकलेली. बाजूला फेरीवाले ओरडत होते, मागच्या गाडीचं इंजिन थडथडत होतं, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"उठवू नका," अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता लई झोपतेत. कुठं बी बसले की झोपतेत. मी झोपू देते."

आम्ही तशाच, त्यांच्यावरून, खुणांनी चार गोष्टी बोललो. कंडक्टरनं घंटी मारली. सरांचा उजवा हात खिडकीबाहेर लोंबत होता, आणि शेजारून दुसरी गाडी अगदी खेटून आत येत होती. मी पुढं होऊन तो हात धरला. किती जड होता तो. मला दोन्ही हात लावावे लागले. हळूच उचलून मी तो आत घेतला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. ते जागे झाले नाहीत. गाडी हलली.